भेरीतील कोळंबी आणि जाळ्याचा आस

कोलकाता शहराच्या पूर्वेस घरांची दाटी जेथे विरळ होते, तेथून सुंदरबनाच्या अरण्यापर्यंत पसरलेला प्रदेश इतका सखल आहे की, जमीन कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते हे ऋतू पाहूनच सांगावे लागते. बांध घालून अडविलेली उथळ व विस्तीर्ण तळी हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य असून त्यांना बंगालीत ‘भेरी’ असे म्हणतात. काही भेरी चार-दोन बिघ्यांच्या असतात, तर काही इतक्या मोठ्या की पलीकडच्या बांधावर उभा असलेला माणूस ओळखू येत नाही. पाणी मात्र कोठेही फारसे खोल नसते. भेरीच्या कडेने खणलेला चर सोडला तर बहुतेक ठिकाणी ते कमरेपर्यंतच पोहोचते.

पूर्वी खाऱ्या पाण्याच्या भेरी कलकत्त्याच्या अगदी वेशीपाशी होत्या. विद्याधरी नदीतून येणारी भरती शहरालगतच्या सरोवरांत शिरे आणि तिच्याबरोबर भेटकी, पार्शे व नाना जातींची कोळंबी आत येई. पुढे गाळाने ही नदी भरत गेली आणि १९२८ साली निचऱ्याच्या दृष्टीने ती मृत झाल्याचे जाहीर करण्यात आले. भरती बंद पडली, पाणी गोडे झाले आणि १९३० च्या सुमारास तेथील मच्छीमारांनी शहराचे सांडपाणी तळ्यांत घेऊन रोहू, कटला, मृगळ यांची शेती करण्याची युक्ती साधली. पूर्व कोलकात्याचा हा सुमारे १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश २००२ साली रामसर करारातील यादीत समाविष्ट झाला. कोळंबी मात्र भरतीच्या मागोमाग पूर्वेकडे सरकली. आज तिच्या भेरी हाडोआ, मिनाखाँ, मालंच, संदेशखाली या भागांत आहेत. शहराच्या सांडपाण्याचे कालवे घुसीघाटा येथे कुल्टी नदीस मिळतात. त्यामुळे या बाजूच्या अनेक भेरींत येणारी भरती समुद्राच्या खारटपणाबरोबर महानगराचे खतही घेऊन येते. या भेरींचा शास्त्रीय अभ्यास बराच जुना आहे. टी. व्ही. आर. पिल्ले यांनी खाऱ्या पाण्याच्या एका भेरीतील जीवसृष्टीवर लिहिलेला निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला होता.

या भेरींतून निघणाऱ्या कोळंबीत सर्वांत मोलाची जात म्हणजे ‘बागदा चिंगडी’. अंगावरील आडव्या पट्ट्यांमुळे तिला वाघाचे नाव मिळाले आहे. आपल्याकडे कोकणाच्या काही भागांत लहान कोळंबीस ‘चिंगूळ’ म्हणतात. बंगाली ‘चिंगडी’शी या शब्दाचे साम्य सहज ध्यानी यावे.

समुद्रात जाळे टाकणाऱ्या कोळ्यापुढे मासळी कोठे आहे हाच पहिला प्रश्न असतो. भेरीतील कोळंबी कोठे आहे हे ठाऊक असते. ती बांधाच्या आत आहे आणि आज जाळ्यातून सुटली तरी उद्याही तेथेच असणार आहे. म्हणून भेरीच्या जाळ्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. कोणती कोळंबी बाहेर काढावयाची, कोणती वाढीसाठी आत सोडावयाची आणि जी बाहेर येईल ती पाय न तुटता, कवच न भेगाळता, कल्ल्यांत चिखल न भरता कशी यावी, हे त्या जाळ्याने ठरवावयाचे असते. समुद्रावरील जाळे जसेच्या तसे भेरीत आणून टाकणाऱ्याची फसगत होते, ती येथेच.

याकरिता प्रथम प्राण्याच्या सवयी पाहिल्या पाहिजेत. कोळंबी दिवसा बहुधा तळाशी असते. कित्येक जाती चिखलात अंग पुरून घेतात व फक्त डोळे आणि मिशा बाहेर ठेवतात. बागदा इतरांच्या मानाने कमी पुरते, तरी तिचा ओढा तळाकडेच असतो. अंधार पडला की ती हिंडू लागते व बांधाच्या कडेकडेने फिरते. भय वाटताच शेपटीचा जोरदार फटका मारून ती मागे उडी घेते. ही उडी वेगवान असली तरी लांबवरची नसते, आणि चारदोन उड्यांत प्राणी दमतो. डोक्यावर पुढे आलेली करवतीसारखी दातेरी सोंड शत्रूला टोचण्याच्या कामी येते. तथापि जाळ्यात तीच तिला घातक ठरते, कारण दोऱ्यात अडकलेली सोंड सोडविताना डोके व धड यांमधील सांधा हमखास ढिला होतो.

भेरीवाल्यांनी या सवयींचा फार पूर्वीपासून उपयोग करून घेतला आहे. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास जी मोठी भरती येते, तिला आपण उधाण म्हणतो. बंगालच्या या भागात तिला ‘गोन’ असे नाव आहे. गोनाच्या दिवसांत उघाडीतून ताजे पाणी आत घेतले की भेरीतील कोळंबी त्या प्रवाहाच्या दिशेने गोळा होते. वाटेत बांबूच्या कामट्यांची कूड नागमोडी उभी केलेली असते. कुडाला लागून चालत आलेली कोळंबी शेवटी ‘आटोल’ नावाच्या बांबूच्या पिंजऱ्यात शिरते. या पिंजऱ्याचे तोंड आत निमुळते होत गेलेले असल्यामुळे आत जाणे सोपे आणि परत फिरणे अवघड असते. पहाटे पिंजरे उचलून त्यांतील कोळंबी जिवंत काढून घेतात.

वरवर पाहता हे साधन ओबडधोबड दिसते. पण त्यात निवडीची उत्तम सोय आहे. दोन कामट्यांमधील फट जेवढी, तेवढ्याहून बारीक कोळंबी सरळ निघून जाते. तिला ना ओढ बसते, ना दोऱ्याचा काच. दर गोनाला मोठी कोळंबी काढून घ्यावी, लहान तशीच वाढू द्यावी आणि जागा झाली तितके नवे बीज सोडावे, हा क्रम महिनोन्महिने चालतो. पुष्कळ कोळंबी एका दिवसात काढावयाची असेल तर मात्र हा पिंजरा अपुरा पडतो.

लहान कोळंबी सोडून देण्यात किती लाभ आहे, हे थोड्या हिशोबाने कळते. समजा, २० ग्रॅम वजनाच्या १,००० कोळंब्या आज धरल्या. एकूण माल २० किलो झाला आणि एका किलोत ५० नग बसले. त्याच कोळंब्या ३० ग्रॅमच्या होईपर्यंत राहू दिल्या आणि तेवढ्या काळात शेकडा १० मेल्या असे धरले, तरी उरलेल्या ९०० कोळंब्यांचे वजन २७ किलो भरते व एका किलोत सुमारे ३३ नग बसतात. कोळंबीचा भाव किलोमागील नगांवर ठरतो. नग जितके कमी, तितका भाव चढता. म्हणजे माल वाढला आणि भावही वाढला. जाळ्याचा आस चार-सहा मिलिमीटरांनी चुकला, तर हा लाभ हातचा जातो.

आस म्हणजे जाळ्याच्या दोऱ्यांमधील एक चौकट. ती मोजण्याच्या रीती दोन आहेत आणि त्यांच्या घोळामुळे जाळे विकत घेणाऱ्याची गैरसमजूत होते. कोणी आसाची एकच बाजू, म्हणजे एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंतचे अंतर मोजतो. कोणी आस पूर्ण ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर मोजतो. पहिल्या रीतीने २० मिलिमीटरांचा आस दुसऱ्या रीतीने ४० मिलिमीटरांचा होतो. तेव्हा दुकानात नुसता आकडा न विचारता तो कोणत्या रीतीचा हे आधी विचारावे.

मोजमाप नीट झाले, तरी आस पाण्यात किती उघडा राहील हे वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून असते. जाळे दोरीला बांधताना ते थोडे चुणून बांधतात. १०० मीटर ताणलेले जाळे ७० मीटर दोरीवर बांधले, तर आस जवळजवळ चौरस राहतो. २० मिलिमीटर बाजूच्या आसाचे क्षेत्रफळ तेव्हा सुमारे ४०० चौरस मिलिमीटर असते. तेच जाळे ५० मीटर दोरीवर बांधले तर क्षेत्रफळ ३४६ पर्यंत उतरते, आणि ३० मीटरांवर बांधले तर केवळ २२९ उरते. आणि जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, म्हणजे खोळ्यात, माल भरून ओढ बसली की आस लांबट होऊन जवळजवळ मिटतोच. म्हणजे मोठ्या आसाचे म्हणून आणलेले जाळे पाण्यात बारीक आसाचे होऊन बसते आणि लहान कोळंबी सुटत नाही. खोळ्यातील आस ओढीच्या दिशेला तिरपे न ठेवता चौकोनी ठेवले, तर ओढ बसूनही ते उघडे राहतात. जाळ्यांच्या अशा गुणदोषांचा अभ्यास करणारी केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्था १९५७ साली कोची येथे स्थापन झाली. चौकोनी आसाच्या खोळ्याचा पुरस्कार तिने ट्रॉल जाळ्यांसाठी केला असला, तरी भेरीच्या उघाडीवरही त्याचे तत्त्व तंतोतंत लागू पडते.

कोळंबी काढण्याचा दिवस ठरविण्याआधी आत किती माल आहे आणि तो कोणत्या अवस्थेत आहे, याचा अंदाज घ्यावा लागतो. त्यासाठी हाताने फेकावयाचे गोल जाळे वापरतात. बंगालीत त्याला ‘खेपला जाल’ म्हणतात, कोकणात ‘पाग’. समजा, एका पागाने प्रत्यक्षात ६ चौरस मीटर जागा झाकली जाते. भेरीच्या निरनिराळ्या भागांत दहा वेळा पाग टाकून १८० कोळंब्या मिळाल्या, तर दर फेकीला १८, म्हणजे चौरस मीटरला ३ असे प्रमाण पडते. एक हेक्टरात त्या ३०,००० झाल्या. सरासरी वजन १८ ग्रॅम असेल, तर आत ५४० किलो माल आहे असे मानता येते. अर्थात हा अंदाजच आहे. चिखलात पुरलेली कोळंबी पागाच्या शिशाखालून निसटते म्हणून आकडा कमी येतो. उलट, खाद्य टाकण्याच्या जागीच पाग टाकला तर तो फुगतो. शाळेतील विद्यार्थ्यांना हा प्रयोग मैदानावर करता येईल: ठराविक चौरसात चिंचोके विखरून दोरीची एक लहान कडी दहा वेळा फेकावी आणि कडीत सापडलेल्या चिंचोक्यांवरून एकूण संख्या काढून पाहावी.

पागात आलेली कोळंबी हाती धरून दाबून पाहणे तितकेच आवश्यक असते. कोळंबीचे कवच वाढत नाही, म्हणून तिला वेळोवेळी ते टाकून नवे घ्यावे लागते. कात टाकल्यानंतर काही काळ तिचे अंग मऊ असते. अशी कोळंबी जाळ्यात चेंगरते, बर्फात टिकत नाही आणि तिला भाव येत नाही. पागातील शंभर कोळंब्यांत पाचाहून अधिक मऊ आढळल्या, तर जाणते भेरीवाले काढणी काही दिवस लांबवितात. बाजारातील भाव चढा असताना असा संयम राखणे कठीण जाते, हे खरे.

भेरी एकदम रिकामी करावयाची तेव्हा उघाडीवर लांब निमुळते जाळे बसवितात. ओहोटीच्या वेळी आतील पाणी बाहेर सोडले की प्रवाहाबरोबर कोळंबी जाळ्यात येते. हे काम रात्रीचे, अंधाऱ्या पक्षातले असेल तर अधिक चांगले. जाळ्याचे तोंड लाकडी चौकटीला घट्ट बांधून ती चौकट उघाडीच्या खाचेत बसवावी लागते, कारण तेथे बोटभर फट राहिली तरी ती वाट कोळंबीला सापडते. जाळ्याची लांबी तोंडाच्या रुंदीच्या कित्येक पट असावी. आखूड जाळ्यात पाण्याचा सगळा जोर खोळ्यावर येतो आणि आधी आलेली कोळंबी मागून येणाऱ्यांच्या भाराखाली भरडून निघते. जाळे लांब असले की खोळा प्रवाहाच्या झोतापासून दूर, संथ पाण्यात पडतो; एक माणूस होडीत बसून दर थोड्या वेळाने त्याची गाठ सोडतो, माल टोपलीत घेतो व गाठ पुन्हा बांधतो. या कामात हयगय झाली, तर उत्तमातले उत्तम जाळेही निरुपयोगी ठरते.

पाणी किती वेगाने सोडावे, हा या पद्धतीतील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. वरच्या थरातील पाणी दिवसा बारीक कूड लावून काढून टाकता येते. कोळंबी तळाशी असल्यामुळे ती त्या पाण्याबरोबर येत नाही. शेवटचा हिस्सा रात्रीसाठी राखून ठेवावा. भेरीच्या कडेचा चर उघाडीकडे उतरता असेल तर कोळंबी आपोआप तिकडे येते. तो गाळाने भरला असेल तर ती डबक्याडबक्यांतून अडकून पडते. उघाडी पूर्ण उघडून घाई केली असता जाळे फाटते, कोळंबी चिखलाने माखते आणि बांधाचा पायाही खचू लागतो. हा शेवटचा धोका गोव्यात चांगला परिचयाचा आहे. तेथील खाजण जमिनींच्या बांधांतील उघाडीला ‘मानस’ म्हणतात आणि आतील तळ्याला ‘पोय’. मानसीवर जाळे लावून मासळी व कोळंबी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. अधिक मासळीच्या लोभाने मानस भरती-ओहोटीला मनमानी उघडी ठेवल्यामुळे बांध खचून खारे पाणी भातशेतात शिरल्याच्या तक्रारी गोव्यात वारंवार होत आल्या आहेत. जाळे मच्छीमाराचे आणि बांध शेतकऱ्याचा, असा भेद तेथे पडला की दोघांचेही नुकसान होते. बंगालमध्ये ज्या भेरींत पावसाळ्यात भात व उन्हाळ्यात कोळंबी घेतात, तेथेही ही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही.

ओढावयाच्या जाळ्याविषयी थोडक्यात सांगता येईल. कठीण व सपाट तळ असलेल्या आखीव तलावात ते चांगले चालते. २००९ साली भारतात परवानगी मिळालेली ‘व्हॅनामेई’ ही परदेशी जात तळाला चिकटून न राहता पाण्यात वर तरंगते, म्हणून तीही ओढजाळ्यात सहज येते. पूर्व मेदिनीपूरच्या किनाऱ्याकडील तलावांत या जातीची शेती होते. परंतु जुन्या भेरीच्या मऊ गाळात ओढजाळ्याची शिशाची दोरी रुतते, जाळ्यात कोळंबीपेक्षा चिखल अधिक येतो आणि गाळाखाली कोंडलेला विषारी वायू ढवळून वर येतो. जाळ्यात न सापडलेली कोळंबी या वायूने मरते ती वेगळीच. सोंडेला व पायांना अडकविणारे उभे जाळे तर भेरीत न वापरणेच बरे.

दोऱ्याची निवड पूर्वी सोपी होती, कारण सूत आणि ताग यांपलीकडे फारसे काही नव्हते. सुती जाळे पाण्यात कुजते. ते टिकावे म्हणून बंगालचे कोळी गाब या झाडाच्या कच्च्या फळांचा तुरट रस त्याला पाजीत. गाब हे आपल्या टेंभुर्णीच्या गोतातले झाड. १९३५ साली अमेरिकेत नायलॉनचा शोध लागला आणि पुढील काही दशकांत जगभर जाळ्यांचे रूप पालटले. नायलॉन कुजत नाही, आणि पाण्याहून थोडे जड असल्यामुळे बुडते. पॉलिथिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे तरंगू पाहते. तळाशी राहणाऱ्या कोळंबीच्या जाळ्याला हा फरक महत्त्वाचा आहे. मात्र नायलॉनची कडक गाठ कोळंबीच्या अंगाला घासते, म्हणून निदान खोळ्यापुरते तरी बिनगाठीचे विणलेले जाळे घ्यावे. ते महाग पडते आणि फाटल्यास दुरुस्त करणेही अवघड जाते. पण खोळा हा जाळ्याचा लहानसाच भाग असतो.

सर्व पाणी निघून गेले की उरलेली कोळंबी हातांनी वेचतात. गुडघाभर गाळात वाकून चाचपणाऱ्या माणसांची रांग एका कडेहून दुसऱ्या कडेला सरकत जाते. माल ताबडतोब स्वच्छ पाण्यात धुऊन, जितकी कोळंबी तितकाच बर्फ या मानाने पेटीत भरावा लागतो. उशीर झाला की डोक्यातील पाचक रस व अंगातील रासायनिक क्रिया यांमुळे कवचावर काळे डाग पडतात.

१९९४-९५ च्या सुमारास भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरला, आणि कोळंबीशेतीत जाळ्याला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. हा रोग विषाणूचा असून तो लागल्यावर थोड्याच दिवसांत अख्खी भेरी ओस पडू शकते. त्यावर औषध नाही. रोगाची शंका येताच लहानमोठे न पाहता सर्व माल काढून घेणे हाच शेतकऱ्यापुढील मार्ग असतो. अशा वेळी उघाडी उघडून पाणी नदीत सोडता कामा नये, कारण तेच पाणी पुढच्या भरतीला शेजाऱ्याच्या भेरीत शिरते. तेव्हा पाण्यासह माल आत ठेवून पागाने, पिंजऱ्याने, जमेल तेथे ओढजाळ्याने काढणी करावी लागते. भाड्याने फिरणारे जाळेही रोग पसरविते. ओले जाळे एका भेरीतून काढून त्याच दिवशी दुसरीत टाकण्याची रीत म्हणूनच सोडून द्यावयास हवी. जाळे विरंजक चूर्णाच्या द्रावणात बुडवून, धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवावे. ज्याला शक्य आहे त्याने प्रत्येक भेरीचे जाळे स्वतंत्र ठेवावे.

या सर्व जाळ्यांत अत्यंत बारीक आसाचे जाळे भेरीत नसतेच. ते सुंदरबनच्या खाड्यांच्या काठी दिसते. १९८० नंतरच्या काळात बागद्याच्या पिलांना मोठी मागणी आली. ही पिले तेथे ‘मीन’ या नावाने ओळखली जातात. मच्छरदाणीसारखे निळे जाळे चौकटीला बांधून स्त्रिया व मुले कमरेइतक्या पाण्यातून ते तासन्तास ओढीत चालतात. मगर आणि शार्क यांचे भय त्या पाण्यात कायम असते. हाती येते ती सुईएवढी, पारदर्शक पिले. पण त्या जाळ्यातून काहीच सुटत नसल्यामुळे इतर असंख्य मासे व कोळंब्यांची पिलेही त्यांबरोबर येतात. काठावर बसून पांढऱ्या ताटलीत बागदा तेवढी निवडून घेतात आणि उरलेली रास कोरड्या चिखलावर टाकून देतात. उबवणी केंद्रांतील बीज मिळू लागल्यापासून या पिलांवरची भिस्त कमी होत गेली, तरी हा धंदा पुरता थांबला नाही. कारण उबवणी केंद्र दूर असते, आणि खाडी दाराशी असते. उबवणी केंद्राचे तपासलेले बीज घेणाऱ्या भेरीवाल्याला रोगाचा धोका कमी असतो. केंद्रातून आलेल्या पिशवीतील पाणी भेरीच्या पाण्यात हळूहळू मिसळू देऊन, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, ती पिले चराच्या एका कोपऱ्यात बारीक जाळ्याने वेढलेल्या जागेत सोडतात. दोन-तीन आठवड्यांनी ते जाळे उचलले की पिले भेरीभर पसरतात.